गड्ड्यात काढलेला तो फोटो

यंदाच्या गड्ड्यात, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेत, घडलेली एक गोष्ट गेले दहा-बारा दिवस डोक्यातून जात नाही. पोस्ट लांब होणार आहे. निदान सोलापूरकरांनी तरी शेवटपर्यंत वाचावी, अशी विनंती.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. वय बावीस. चौथी ते सातवी माझ्या वर्गात होता. गणितात इतका तयार की फळ्यावर मी चुकले तर बाकावरून आधी त्याचा हात वर व्हायचा. आता दिवसभर गाडीवरून पार्सलं पोचवतो आणि रात्री बी.कॉम.चा अभ्यास करतो. राहायला सेटलमेंटकडे. अक्षता सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो धाकट्या बहिणीला घेऊन होम मैदानावर गेला होता. पाळण्याच्या तिकिटासाठी रांगेत उभा असताना बंदोबस्तावरच्या एका कर्मचाऱ्यानं त्याला बाजूला बोलावलं. नाव विचारलं, मग आडनाव, मग राहायला कुठे. "सेटलमेंट" हा शब्द ऐकल्यावर कर्मचाऱ्यानं खिशातून मोबाइल काढला. डोक्यावरची टोपी काढायला लावली. एक फोटो समोरून, एक डावीकडून, एक उजवीकडून. बहिणीनं नुकतीच पिपाणी घेतली होती, ती वाजवायची थांबली आणि भावाच्या शर्टाचं टोक धरून उभी राहिली. मग "जा आता." बस्स. कुठे नोंद नाही, सही नाही, कारण नाही. रांगेत त्याच्या पुढे-मागे त्याच्याच वयाची पोरं होती, त्यांना कुणी हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी तो घरी आला. चहा समोर तसाच ठेवून म्हणाला, "बाई, तो फोटो कुठं गेला असंल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगते, ते उत्तर त्याला मिळेल अशी सोय आपल्याकडे आजही नाही. माझा राग त्या एका कर्मचाऱ्यावर नाही. बारा-बारा तास उभं राहून गर्दी सांभाळणारी माणसं आहेत ती. राग आहे तो या गोष्टीचा, की असा फोटो आता नुसता फोटो राहत नाही. तो यंत्राला दिला की कोणत्याही कॅमेऱ्यातल्या कोणत्याही चेहऱ्याशी जुळवून बघता येतो. नाकाची लांबी, डोळ्यांतलं अंतर, जबड्याची ठेवण असं सगळं आकड्यांत उतरवून यंत्र सांगतं, हा माणूस तो असू शकतो. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. चेहरा कुठून बदलणार?

आता सेटलमेंटबद्दल. नव्या पिढीतल्या पुष्कळांना ते फक्त बसथांब्याचं नाव वाटतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९११ आणि १९२४ मध्ये तो कायदा आणखी आवळला. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा लोकांना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. मुंबई इलाख्यातल्या अशा मोठ्या वसाहतींपैकी एक आपल्या सोलापुरात होती. गिरण्यांना कामगार हवे होते, ते इथून जात. बोटांचे ठसे घेतलेले, हजेरी लागायची, बाहेर जायचं तर पास लागायचा. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं तो कायदा चालू होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून या समाजांना विमुक्त म्हणतात.

माझ्या या विद्यार्थ्याची आजी मी पाहिली आहे. पालकसभेला आई कामावर असायची म्हणून तीच यायची. एकदा शाळेच्या पायरीवर बसून तिनं मला सांगितलं होतं, तिचा सासरा पास धोतराच्या सोग्यात गाठ मारून ठेवायचा. झोपतानासुद्धा. पास हरवला तर हजेरीवाल्यापुढे उभं राहायची त्याला इतकी धास्ती होती, की कायदा गेल्यावरही बरीच वर्षं रात्री दचकून उठून सोगा चाचपायचा.

त्या म्हाताऱ्याला निदान एवढं कळत होतं की आपल्यावर पाळत आहे. कुंपण दिसत होतं, हजेरीची वेळ ठरलेली होती, वहीत आपलं नाव कुणी लिहिलं तेही ठाऊक होतं. त्याच्या पणतवाला काहीच ठाऊक नाही. त्याची हजेरी लागते आहे की नाही, कुठे लागते, कुणाच्या यादीत, किती वर्षं, कशाचाच पत्ता नाही. म्हणून मला ही नवी पाळत जुन्या पाळतीपेक्षा जास्त घातक वाटते.

"यंत्राला जात कळत नाही, उलट यंत्र निःपक्षपाती असतं," असं माझ्या एका सहकाऱ्यानं मला समजावलं. सद्भावनेनं बोलला, पण पटलं नाही. यंत्र ज्या यादीशी चेहरा जुळवतं ती यादी कुणी बनवली? माणसांनी. ज्या वस्त्यांवर पिढ्यान् पिढ्या आधी हात पडला, त्यांचेच चेहरे यादीत जास्त असणार. हे मी एकटी म्हणत नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अमानतुल्ला खान यांच्या खटल्यात पोलिसांच्या हिस्टरीशीटचा, म्हणजे एखाद्यावर नजर ठेवण्यासाठी उघडलेल्या नोंदपत्रकाचा, विषय हाताळला. मागास आणि विमुक्त समाजातल्या निरपराध लोकांच्या नावानं निव्वळ पूर्वग्रहातून अशी पत्रकं उघडली जाऊ नयेत, असं सांगून सगळ्या राज्यांना आपापली पद्धत तपासायला लावली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तुरुंगातल्या जातिभेदाच्या निकालात विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असं न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. कायदा जाऊन ७२ वर्षं झाली होती तेव्हा. अशी वही संगणकात भरली की तिचा कागद पिवळा पडत नाही, एवढाच काय तो फरक.

यंत्राच्या चुकांचं म्हणाल, तर हिशेब साधा आहे, सातवीच्या मुलांना मी फळ्यावर घालते तसला. समजा यंत्र हजारात एकदाच चुकतं. गड्ड्याच्या गर्दीत एक लाख चेहरे तपासले तर शंभर माणसं विनाकारण बाजूला काढली जातील. शंभर घरं. आणि प्रत्यक्षात ते हजारात एकदाच चुकेल याची हमी कोण देतं? दिल्ली पोलिसांनी २०१८ मध्ये उच्च न्यायालयात आपल्या चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेची अचूकता २ टक्के सांगितली होती. पुढे २०२२ मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरात त्यांनी सांगितलं, की ८० टक्के साम्य आलं तर ते जुळलं असं धरतात. अमेरिकेतल्या सरकारी मानक संस्थेनं २०१९ मध्ये कितीतरी प्रणाल्या तपासल्या, तेव्हा आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांच्या बाबतीत काही ठिकाणी दहा ते शंभर पट जास्त चुका निघाल्या. डेट्रॉइट शहरात रॉबर्ट विल्यम्स या माणसाला जानेवारी २०२० मध्ये बायको-मुलींच्या देखत बेड्या घातल्या. यंत्रानं त्याचा चेहरा एका घड्याळचोराशी जुळवला होता. तो चोर नव्हता.

इतक्या लांब कशाला जायचं. आपल्या सोलापुरातली किती घरं तेलंगणातून आलेली आहेत, सोयरिकी अजून तिकडे आहेत. त्याच तेलंगणात मेदकला २०२३ च्या सुरुवातीला साखळीचोरीच्या संशयावरून एका मजुराला उचललं. सीसीटीव्हीत दिसणाऱ्या माणसासारखा तो दिसतो, हा संशय. कोठडीत मारहाण झाल्याचा आरोप कुटुंबानं केला. फेब्रुवारीत तो माणूस गेला. "सारखा दिसतो" या दोन शब्दांत केवढं वजन असतं बघा.

कॅमेरेच नकोत असं माझं म्हणणं अजिबात नाही. आमच्याच गल्लीतल्या एका काकूंचं मंगळसूत्र पहाटे फिरायला गेल्यावर ओढून नेलं, तेव्हा दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यामुळेच गाडीचा नंबर मिळाला आणि ते परत आलं. काकू पोलिसांना दुवा देतात, मीही देते. पण तिथे आधी गुन्हा घडला, तक्रार झाली, मग त्या वेळेचं, त्या रस्त्याचं चित्रण पाहिलं. कुणीही तक्रार केलेली नसताना जत्रेतल्या पोराचा तीन बाजूंनी फोटो काढणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात गुन्हा आधी नसतो, संशयित आधी असतो.

आणि "ज्याच्या मनात पाप नाही त्यानं कशाला घाबरायचं" म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, त्या पोराच्या मनात काय पाप होतं? बहिणीला पाळण्यात बसवायचं, एवढंच होतं.

कायदा काय म्हणतो तेही मी वाचून काढलं. २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा पोलिसांना ठसे, फोटो, डोळ्यांच्या बुबुळांची नोंद घ्यायची मुभा देतो आणि ती ७५ वर्षं ठेवायची तरतूद करतो. पण ती दोषी ठरलेल्यांची, अटक झालेल्यांची, प्रतिबंधक कायद्याखाली ताब्यात घेतलेल्यांची, किंवा दंडाधिकाऱ्यानं तसा आदेश दिला तर. रांगेत उभा असलेला मुलगा यातल्या कशातच बसत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर घाला घालायचा तर कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि गरजेपुरतंच करायला हवं. पोलिसांनी चेहरे जुळवावेत की नाही, जुळवले तर कधी आणि कुणाच्या परवानगीनं, याचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला तेव्हा मला आशा वाटली होती. पण गुन्हे रोखण्यासाठी आणि तपासासाठी माहिती वापरायची असेल तर त्यातल्या बऱ्याच अटींतून सूटच दिलेली आहे.

इकडे यंत्रं मात्र थांबलेली नाहीत. आपल्या राज्यानं २०२४ मध्ये पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची 'मार्व्हल' ही स्वतंत्र कंपनी नागपुरात उभी केली. तपासात मदत करणारी 'महाक्राइमओएस' ही प्रणाली आधी नागपूरच्या २३ पोलीस ठाण्यांत वापरली आणि ती राज्यातल्या १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. सायबर फसवणुकीचे तपास त्यानं लवकर लागत असतील तर आनंदच आहे, आमच्या शाळेतल्या एका शिपाईमामांचे पैसे असेच गेलेत. मला एवढंच विचारायचं आहे, की यंत्र सगळ्या ठाण्यांत पोचणार असेल तर त्याच्या वापराचे नियम माझ्यासारखीला वाचायला का मिळू नयेत? मराठीत, पोलीस ठाण्याच्या फलकावर. चेहरा टिपला तर त्या माणसाला लेखी चिठ्ठी द्या. गुन्ह्याशी संबंध नसेल तर ठरलेल्या मुदतीत फोटो पुसा आणि पुसला असं कळवा. आणि निव्वळ यंत्र म्हणालं म्हणून कुणालाही ताब्यात घेऊ नका.

ज्या आठवड्यात आपण गड्ड्याला जातो, त्याच आठवड्यात १२ जानेवारी येते. १९३१ मध्ये त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना इंग्रजांनी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्याआधी मे १९३० मध्ये या गावानं लष्करी कायदा सोसला आहे. विनाकारण संशयानं बघितलं जाणं म्हणजे काय, हे सोलापूरला तरी दुसऱ्या कुणी सांगायला नको. पुतळ्यांना हार घालून झाल्यावर दोन दिवसांत आपल्याच गावच्या पोराला टोपी काढून तोंड वळवायला सांगितलं जातं, आणि रांगेतलं कुणी एक शब्द बोलत नाही, हे मला लागलं आहे. बोलणाऱ्याला भीती वाटते हेही समजतं मला.

काल मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. यात्रेच्या काळात मोबाइलवर किती लोकांचे फोटो काढले, कोणत्या आदेशानं, ते कुठे साठवले, चेहरा ओळखणाऱ्या कोणत्या प्रणालीशी जोडले का, आणि ते कधी पुसणार, असे पाच प्रश्न विचारले आहेत. पोराचं नाव त्यात घातलेलं नाही. अर्ज लिहिताना तो शेजारी बसला होता, तोच म्हणाला, "बाई, नाव नको. पोलीस यायचे घरी." उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. जे येईल ते इथे जसंच्या तसं टाकीन.

यंदाच्या गड्ड्यात किंवा त्याआधी शहरात कुठेही तुमचा किंवा तुमच्या मुलाबाळांचा असा फोटो काढला गेला असेल, तर तारीख, वेळ आणि जागा मला मेसेजमध्ये कळवा. खाली कमेंटमध्ये कुणाचंही नाव, फोटो किंवा वस्तीचा पत्ता लिहू नका.