हनुवटी जरा खाली

माझा नवरा हौशी फोटोग्राफर आहे. लग्न ठरवताना ही गोष्ट त्याच्या घरच्यांनी आमच्यापासून लपवून ठेवली होती.

"हनुवटी जरा खाली. एवढी नाही गं! हात मोकळे सोड. मोकळे म्हणजे लोंबते नव्हेत. आता सहज हस." सहज! पोट आत ओढून, भर उन्हात, लोकांची वाट अडवून उभं असताना सहज हसणारी बाई मला एकदा बघायचीय.

न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शन या कलासंग्रहालयात मला एक समदुःखी भेटली. लुईझ, काउंटेस द ओसाँव्हील. अँग्र या चित्रकाराने हिचं चित्र 1842 मध्ये रंगवायला घेतलं आणि 1845 मध्ये हातावेगळं केलं. पहिली सुरुवात मनासारखी होईना म्हणून सोडून दिली, मध्येच बाईंना दिवस गेले, काम थांबलं. नामवंत लेखिका मादाम द स्ताएलची ही नात. पुढे स्वतः पुस्तकं लिहिली. आणि अशा बाईला काम काय, तर हनुवटीशी बोट टेकवून उभं राहा!

पण तिला कुणी 'हस' म्हटलेलं दिसत नाही, याचा मला हेवा वाटला. "आपण कोण? भेट ठरली होती का?" असं विचारावं तशी ती बघते.

निळ्या रेशमाची चुणी न् चुणी जिवंत. मागच्या आरशात मानेवरचा केशसंभार आणि लाल रिबीन. माझ्या अंबाड्याची मागची बाजू मी स्वतःसुद्धा बघायचं टाळते. मग नजर उजव्या हातावर गेली. तो खांद्यातून निघतच नाही हो! खोडाला मध्येच फांदी फुटावी तसा बरगडीतून फुटलाय. एवढ्या वर्षांच्या छळानंतर हे? माझा असा फोटो आला असता तर जागच्या जागी डिलीट करायला लावला असता. पण तेव्हा चित्रावर कौतुकाचा पाऊस पडला. राजकारणी तिएर तर बाईंना म्हणाले, तुम्हाला असं रंगवलंय म्हणजे चित्रकार तुमच्या प्रेमातच असला पाहिजे.

बाहेर फिफ्थ ॲव्हेन्यूवर आल्यावर मी हे नवऱ्याला मुद्दाम रंगवून सांगितलं. तो मोबाइलवर दोन बोटांनी माझा चेहरा ताणून बघत होता.

"यात डोळे मिटलेस तू," तो म्हणाला. "परत उभी राहा. आणि ती पर्स खाली ठेव."