काका, सातची मिस्सा कोअरच्या सोयीची? उलट आहे!

जय ख्रिस्त काका. तुमची प्रतिक्रिया वाचली, लांबलचक लिहिलीत आणि तळमळीनं लिहिलीत, म्हणून दोन ओळीत उरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की रविवारची सकाळी साडेआठची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सातला आणली ती आम्हा कोअरवाल्यांच्या, म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या, सोयीसाठी, शनिवार संध्याकाळची मिस्सा म्हणजे रविवार बुडवायची पळवाट, पेटी-तबल्यानं मिस्साची भजनसंध्या झालीय, आणि आम्ही गातो तेव्हा लोक नुसते बघत बसतात. शिवाय ईस्टरच्या आदल्या रात्रीची जागरणाची मिस्सा संध्याकाळी सहालाच ठेवा असंही लिहिलंय.

पहिल्यांदा वेळेचं. काका, आमच्या कोअरमधली निम्मी पोरं वाळूज एमआयडीसीत कंपनीत आहेत. पेटीवाल्याची तिसरी पाळी असली की तो सुटतोच सातला, मग बस, मग चर्च, अर्पणगीत लागायच्या बेतात बाजूच्या दारानं आत येतो, कंपनीची बॅग खांद्यावर तशीच असते, बूट काढतो आणि पेटीपाशी बसतो. सात ही वेळ आमच्या सोयीची असती तर आम्ही आमच्याच पेटीवाल्याला कशाला पळवला असता? वेळ बदलली कारण सहायक फादरांची बदली झाली, त्यांच्या जागी अजून कुणी आलं नाही, आणि गावाकडची दोन ठिकाणं काही बंद करता येत नाहीत. आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ ला अमरावतीतून वेगळा झाला, पसरलाय मराठवाडाभर, फादर मोजके आणि अंतरं लांब, हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही तर छकड्यातून मिस्साला गेलेली पिढी. त्यात धर्मगुरूनं एका दिवसात कितीही मिस्सा कराव्यात असंही नाही. चर्चच्या कायद्यातल्या कलम ९०५ (कॅनन ९०५) प्रमाणे एरवी दिवसाला एकच, धर्मगुरू कमी असतील तर बिशपांच्या परवानगीनं दोन, आणि रविवारी किंवा मोठ्या सणाला फार गरज पडली तर तीन. आता सात वाजता इथं, मग एक गाव, मग दुसरं गाव, झाल्या तीन! साडेआठला इथं सुरू केलं तर शेवटच्या गावाला मिस्सा दुपारी दीडला होणार, मे महिन्यात, पत्र्याखाली. तिथल्या म्हाताऱ्या बायांना सांगून बघा एकदा.

म्हणूनच इथली दुसरी मिस्सा शनिवारी संध्याकाळी गेली. आणि ती पळवाट नाही बरं का, आदल्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सानं रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं, कॅनन १२४८ मध्ये स्पष्ट आहे. रविवारी पहिल्या पाळीला जाणारा माणूस सहालाच घरातून निघतो, त्यानं कधी यायचं? मागं तो येतच नव्हता, आता शनिवारी येतो, बायकोपोरांना घेऊन येतो, मला तरी ह्यात वाईट काही दिसत नाही.

आता पेटी-तबला. "चर्चच्या नियमात बसत नाही" असं तुम्ही लिहिलंत, ते कुठून आणलंत कळलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा आहे, त्यात ११९ व्या कलमात मिशन प्रदेशातल्या लोकांच्या स्वतःच्या संगीताला योग्य मान द्या असं आहे, १२० मध्ये पाइप ऑर्गनचा मोठा गौरव आहे हे खरं, पण पवित्र वापराला शोभतील अशी दुसरी वाद्यंही अधिकाऱ्यांच्या संमतीनं चालतात हेही तिथंच आहे. आणि पाइप ऑर्गन आपल्याकडं बघितलाय कुणी? कीबोर्डवर बटण दाबलं की निघतो तो ऑर्गन, त्यापेक्षा पेटी बरी, लाइट गेली तरी वाजते. अभंगाच्या चालीचं म्हणाल तर जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली, गोव्यात ती छापून आली १६१६ ला. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तर तुम्ही स्वतः हरेगावला मतमाउलीच्या (मारिया मातेच्या) यात्रेत म्हणताना मी ऐकलेत, टाळ घेऊन.

लोक गात नाहीत हा मुद्दा मात्र सगळ्यात वजनाचा, आणि ह्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे. व्हॅटिकनच्या १९६७ च्या संगीतविषयक सूचनेतही सगळं गाणं कोअरनंच म्हणायचं आणि लोकांना पार बाहेर ठेवायचं ही पद्धत योग्य नाही असंच आहे. पण इलाज म्हणून तुम्ही कोअरच गप्प करायला निघालात. इथं एक गंमत सांगतो. पेटीवाला उशिरा येतो म्हणून प्रवेशगीत आम्ही पेटीशिवाय सुरू केलं, नाइलाजानं, नुसता आवाज आणि हळू टाळ, आणि मागच्या बाकांवरून असा आवाज आला की आम्हीच वळून बघितलं. तेव्हापासून त्याची दुसरी पाळी असली, तो वेळेत हजर असला, तरी प्रवेशगीताला पेटी बंदच ठेवतो. दुसरं म्हणजे सूर खाली आणला. 'पवित्र, पवित्र' हे गीत काळी दोन पट्टीत होतं, वरच्या ओळीत बायका कशाबशा पोचायच्या आणि पुरुष तोंड मिटून उभे, आता पांढरी एकला घेतो. चालही सारखी बदलत नाही, ख्रिसमसआधीचा पूर्ण आगमनकाळ एकच, ईस्टरआधीच्या उपवासकाळाला दुसरी. आमच्यातल्या दोन-तीन पोरींना हे बोअर होतं, त्यांना दर रविवारी यूट्यूबवरचं नवीन पाहिजे असतं, त्यांची समजूत घालणं तुमच्यापेक्षा अवघड आहे! आणि शांततेचं म्हणाल तर कम्युनियननंतर (ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर) आम्ही एक गाणं कमीच केलंय, तेवढा वेळ कुणी काही वाजवत नाही.

राहिली जागरणाची मिस्सा. एसटी चुकते, पोरं झोपतात, सगळं मान्य, पण ती अंधार पडल्यावरच सुरू करायची असते आणि रविवारी उजाडायच्या आत संपवायची असते, हे आपल्या चर्चच्या कौन्सिलच्या हातात नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडं सूर्यच पावणेसातच्या सुमाराला मावळतो. सहाला बाहेर लख्ख ऊन असताना अग्नी पेटवून मेणबत्ती घेऊन आत शिरायचं म्हणजे कसं दिसेल ते? साडेसातच्या आधी काही होत नाही काका. गावाकडच्यांसाठी परतीची एक जीप ठरवावी असं मी मीटिंगमध्ये मांडणार आहे, डिझेलचे पैसे कोण देणार यावर भांडणं होणारच, तेव्हा तुम्ही पण या.