उकिरड्याची दैना आणि एक बाटली पाणी

तुमचा प्लॉट जुन्या कचराडेपोला लागून आहे ना? मनाला लावून घेऊ नका. प्लॉट दाखवताना एजंट म्हणाला होता, "शेजारी मोठी मोकळी जागा आहे साहेब, पुढंमागं गार्डन होणार." तो खोटं बोलला नव्हता. जागा मोकळीच होती, फक्त जमिनीपासून दोन मजले वर होती. आता कॉलनीतल्या कुण्या शिकल्यासवरल्या पोरानं ग्रुपवर टाकलंय, की बोअरला पिवळसर पाणी येतंय, वास मारतोय, एकदा तपासून घेऊ. तुम्ही कमिटीवर, म्हणजे निस्तरणं तुमच्याकडं. तपास नको म्हणालात तर लोक म्हणतील, कुठंतरी पाणी मुरतंय. पाणी मुरतंय हे खरंच आहे, पण ते लोकांनी बोलून दाखवलं की गुंठ्याचा भाव पडतो. तेव्हा तपास करायचाच. फक्त असा करायचा, की काही सापडणार नाही.

सगळा खेळ बाटलीत आहे. मे महिना निवडा. आपल्याकडं मेमध्ये बोअर आटलेले असतात, कॉलनीच्या टाकीत टँकरचं पाणी असतं. टँकर कुठल्या तरी लांबच्या विहिरीवर भरून येतो. त्या टाकीच्या नळाखाली बाटली धरा आणि चिठ्ठीवर "बोअर क्र. १" लिहा. अहवाल असा स्वच्छ येईल, की वाचून तहान लागेल. उन्हाळ्याच्या शेवटी एक आणि पावसाळा सरल्यावर एक असे दोन नमुने घ्यावेत, कारण पावसाचं पाणी कचऱ्यात झिरपून त्यातलं काळं पाणी खाली ढकलतं, असं कुणी सांगू लागलं तर त्याला चहा पाजा. बाटली कोल्ड्रिंकचीच असू द्या. प्रयोगशाळा म्हणते, जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, धातूंसाठी आम्ल घातलेली वेगळी बाटली, आणि आधी मोटार थोडा वेळ चालवून साठलेलं पाणी काढून टाका. एवढं सोवळं तर पंढरपूरच्या वारीतसुद्धा कुणी पाळत नाही.

प्रयोगशाळेचं नाव काढलंच आहे तर तिचीही गरज नाही. आरओ मशीन विकणाऱ्या पोराकडं पेनासारखा एक मीटर असतो. तो पाण्यात बुडवला की आकडा येतो. लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आत असला तर उत्तम. दोन हजारांपर्यंत गेला तरी दुसरा चांगला स्रोत नसल्यास भारतीय मानक चालवून घेतं, आणि मराठवाड्यात दुसरा स्रोत म्हणजे २०१६ साली लातूरला मिरजेहून आली तशी रेल्वे. हा मीटर पाण्यातले एकूण क्षार तेवढे सांगतो. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. त्याच्या पाचपट शिसं पाण्यात असलं तरी त्या पेनाला काडीचंही कळणार नाही. म्हणूनच तो आपल्या कामाचा.

कुणी फारच हट्ट धरला आणि नमुना खऱ्या प्रयोगशाळेत गेलाच, तर एकट्या नायट्रेटची तपासणी सांगा. ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर युरिया टाकणारा शेतकरी आहे, गळका शौचखड्डा आहे, दोष द्यायला माणसं भरपूर आहेत. पण क्लोराइड, अमोनिया, सीओडी (पाण्यातली घाण जिरवायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) आणि जड धातू एकत्र तपासले आणि डेपोच्या चढावरच्या विहिरीशी उताराच्या विहिरीची तुलना केली, तर शेतकरी सुटतो आणि डेपो अडकतो. म्हणून चढावरच्या विहिरीकडं फिरकायचंच नाही. तुलना नसली की आकडा नुसता आकडा राहतो.

उतार कुठला, हाही एक घोळ आहे, आणि तो आपल्या पथ्यावर पडतो. आपल्या पायाखाली काळा बसाल्ट. त्यात पाणी वाळूतल्यासारखं सरळ पसरत नाही, भेगा सापडतील तसं पळतं. एका बोअरला घाण लागते आणि पन्नास फुटांवरचा बोअर ठणठणीत राहतो. तुम्ही अर्थातच तो ठणठणीत बोअर दाखवायचा. डेपोखाली काळी माती आहे, ती चिकण आहे, काही खाली जाऊ देत नाही, असंही ठोकून द्या. उन्हाळ्यात त्याच काळ्या रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, हे गावाकडच्या माणसाला माहीत असतं, पण कॉलनीत आल्यावर तो विसरलेला असतो. बोअर चारशे फूट आणि त्यात बसवलेला केसिंगचा पाइप वीसच फूट, म्हणजे वरच्या मुरमातलं पाणी आरामात आत उतरतं, हा हिशोबही नको. बोअर घेताना तळहातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्याला आपण मान दिला, तेवढा भूगर्भशास्त्राला कशाला द्यायचा?

खरी भीती कागदाची नसते, माणसांची असते. डेपोवर वीस-वीस वर्षं कचरा वेचलेल्या बायांना विचारायला जाऊ नका. दवाखान्याच्या सुया कुठल्या कोपऱ्यात पडायच्या, बॅटऱ्या कुठं फोडायचे, रात्री ड्रम रिकामे करून जाणारी गाडी कुठं थांबायची, हे त्या हात करून दाखवतील. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं दिसतात, त्यात डेपोचा डोंगर वर्षागणिक वाढताना दिसतो आणि आज जिथं तुमची कॉलनी आहे तिथंही काळा डाग दिसू शकतो. ते उघडूच नका. दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकणाऱ्या निवृत्त मास्तरांना गणेश मंडळाचं अध्यक्ष करून टाका, तीस दिवस त्यांना मांडवाबाहेर पडता येणार नाही.

बायकांच्या भिशीवरही लक्ष असू द्या. अमेरिकेत लव्ह कॅनॉल नावाच्या वस्तीत असंच झालं. एका रसायन कंपनीनं आपला विषारी कचरा पुरलेली जमीन १९५३ साली एका डॉलरला शाळा मंडळाला देऊन टाकली. वर शाळा झाली, भोवती घरं झाली. मग लोइस गिब्स नावाच्या एका गृहिणीनं दारोदार फिरून कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते विचारायला सुरुवात केली, आणि १९७८ ला राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करावी लागली. एक डॉलर म्हणजे गुंठेवारीपेक्षा स्वस्त. तरी लोकांचं समाधान नाही.

जवळचं उदाहरण हवं असेल तर औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, कचराडेपोचं नारेगाव आहे. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं वास सोसला, धूर सोसला, विहिरी सोडून दिल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या. शहराचा कचरा रस्त्यावर आला. मार्चमध्ये तो शहराजवळच्या मिटमिट्याकडं वळवला तर तिथं दगडफेक, लाठीमार. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमात भरावभूमी, म्हणजे कचरा पुरायची जागा, विमानतळापासून वीस किलोमीटर लांब सांगितली होती. नारेगावहून चिकलठाणा विमानतळावर रिक्षानं जाता येतं. यातून तुम्ही एवढाच धडा घ्या, की डेपो चालू असताना लोक भांडतात. बंद झाला की विसरतात. तुमचा डेपो बंद आहे. तुम्ही नशीबवान आहात.

आपल्या आज्या म्हणायच्या, उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. २०१६ च्या त्या नियमांना आज्यांवर भरवसा नव्हता. डेपो बंद केल्यावर किमान पंधरा वर्षं भूजल, वायू, झिरपणारं पाणी यांच्यावर नजर ठेवा, आणि त्यानंतर सगळं प्रमाणात निघालं तरच तिथं वस्तीचा विचार करा, असं ते म्हणायचे. तुम्ही सुवर्णमध्य काढा: दोन वर्षांत वर माती, लॉन, वॉकिंग ट्रॅक, ओपन जिम. आतून मिथेन येतो, त्याला वास नसतो, हवेत तो पाच ते पंधरा टक्के झाला की ठिणगी पुरते. तेव्हा बागेत सिगारेट ओढण्यास मनाई, असा फलक लावा. लोकांना वाटेल आरोग्याची काळजी.

आता तर कचऱ्याचा डोंगर चाळून काढायची यंत्रंही आली आहेत. प्लास्टिक एकीकडं, दगड एकीकडं, आणि खाली उरते काळी भुसभुशीत माती. तपासली तर त्यात काचेचा चुरा आणि जड धातू निघू शकतात, पण ती मुरमापेक्षा स्वस्त पडते. सखल प्लॉट भरून घ्यायला एकदम झकास. तुमच्या नव्या फेजचा भराव कुठून आला, हे कंत्राटदाराला विचारू नका. तो सांगून टाकेल.

अहवाल आला की लॅमिनेट करून कमिटीच्या ऑफिसात लावा: "पाणी पिण्यास योग्य." त्याच्या बरोबर खाली जारचा स्टँड येतो, तो जरा बाजूला सरकवा. पाहुणा आला की त्याला त्याच जारमधलं पाणी द्या, आणि बोअरचं का नाही असं विचारलं तर म्हणा, "तसं काही नाही हो, जरा जड लागतं इतकंच."