‘फरक फक्त वेगाचा’ : पूल टेबलाच्या कापडाविषयीच्या एका समजाचा प्रतिवाद

पूल, म्हणजे कापड लावलेल्या टेबलावर क्यूने (लांब काठीने) चेंडू मारून खिशांत घालण्याचा खेळ. तो खेळणाऱ्यांमध्ये एक उपदेश वर्षानुवर्षे हातोहात फिरत आला आहे. टेबलावरचे कापड कोणतेही असो, फरक पडतो तो फक्त वेगाचा. जलद कापडावर हळू मारावे, संथ कापडावर जोर लावावा, बाकी सारे तेच, असा त्याचा आशय. या उपदेशाला पुढे आणखी शेपटे जोडलेली असतात: संथ कापड चेंडूला ‘पकडते’ म्हणून त्यावर स्पिन (फिरकी) जास्त मिळतो, संथ कापडावर हात बसला की कुठेही खेळता येते, बिनलवीचे (वर मखमलीसारखे तंतू नसलेले) कापड केव्हाही श्रेष्ठ, आणि शेवटी, महिनाभर वापरले की सगळी कापडे सारखीच होतात. यातले काही अर्धसत्य आहे, काही सरळ उलटे आहे. मूळ घोटाळा मात्र पहिल्याच विधानात आहे, म्हणून त्यावर अधिक थांबावे लागेल.

‘वेग’ हा एकच शब्द कापडाच्या दोन वेगळ्या गुणांसाठी वापरला जातो. चेंडू कापडावर कधी घसरतो, कधी गडगडतो. गडगडणाऱ्या चेंडूला होणारा रोध त्याच्या वजनाच्या साधारण १ टक्का असतो. घसरणाऱ्या चेंडूला होणारे घर्षण मात्र साधारण २० टक्के असते. क्यूने थेट मारायचा तो पांढरा चेंडू मध्यावर मारला की आधी घसरतो, घसरताना कापड त्याला फिरायला लावते, आणि वेग सुरुवातीच्या ५/७, म्हणजे सुमारे ७१ टक्के उरला की तो निखळ गडगडू लागतो. हा ५/७ आकडा कोणत्याही कापडावर तोच राहतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. बदलते ते घसरण्याचे अंतर. सेकंदाला ३ मीटर वेगाने सुटलेला चेंडू २० टक्के घर्षणाच्या कापडावर सुमारे १.१ मीटर घसरेल, आणि १५ टक्के घर्षणाच्या गुळगुळीत कापडावर सुमारे १.५ मीटर. नऊ फुटी टेबलाचा खेळाचा भाग २.५४ मीटर लांब असतो, हे लक्षात घेतले तर हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही.

त्याचा परिणाम चेंडू थांबण्याच्या जागेवर तर होतोच, पण वाटेवरही होतो. गडगडत आलेला पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूला तिरका लागला की क्षणभर स्पर्शरेषेच्या दिशेने सुटतो आणि मग अंगातल्या फिरकीमुळे पुढच्या बाजूला वळतो. वळून झाल्यावरची अंतिम दिशा कापडावर अवलंबून नसते, परंतु वळण घ्यायला लागणारे अंतर असते. गुळगुळीत कापडावर चेंडू उशिरा वळतो आणि त्याची सगळी वाट बाजूला सरकते. आता कोणी म्हणेल की फटका हळू केला की हेही जुळेल. ते तेव्हाच जुळेल, जेव्हा गडगडण्याचा रोध आणि घसरण्याचे घर्षण अगदी एकाच प्रमाणात कमी झालेले असेल. दोन कापडांत तसे प्रमाण जुळलेच पाहिजे असे काही कारण नाही. अंतर बरोबर आले आणि तरीही पांढरा चेंडू नेमका नको त्या चेंडूवर आदळला, ही तक्रार म्हणूनच नव्या कापडावर इतकी ऐकू येते.

स्पिनबद्दलचे विधान तर उलटेच आहे. मागे खेचणारी फिरकी क्यूचे टोक देते, कापड देत नाही. कापड ती फक्त खाते. लक्ष्य चेंडू लांब असेल तर खरखरीत कापडावर पोहोचेपर्यंत निम्मीअधिक फिरकी संपलेली असू शकते, तर गुळगुळीत कापडावर ती बरीचशी शिल्लक राहते. टक्कर झाल्यावर चेंडू किती वेगाने मागे येईल, हे त्या क्षणी उरलेल्या फिरकीवर ठरते, आणि नंतर गडगडण्याचा रोधही कमी असेल तर तो आणखी दूर येतो. लांबून ड्रॉ, म्हणजे पांढरा चेंडू मागे आणणारा फटका, मारणाऱ्याला नवे, बारीक विणीचे कापड आवडते ते याचसाठी. या दाव्यातला खरा अंश असा, की साइड (डावी-उजवी फिरकी) दिलेला चेंडू कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागतो तेव्हा कुशनवरच्या कापडाची पकड कामाला येते आणि नव्या, निसरड्या कापडावर साइड कमी लागू होते. तसेच अडथळ्याला वळसा घालायचा असेल तर पकड असलेले कापड चेंडूला लवकर वळवते. एवढ्यावरून ‘स्पिन जास्त मिळतो’ असे सरसकट म्हणणे ही अतिशयोक्ती झाली.

संथ कापडावरच्या सरावाने कुठेही खेळता येते, हा सल्ला मला निव्वळ फुशारकीचा वाटतो. जोर लावण्याची सवय लागते, हळू आणि मोजून मारण्याची नाही. जलद कापडावर चाचणी नेमकी तिचीच होते.

बिनलवीचे कापड श्रेष्ठ की लवीचे, हा प्रश्न खेळ कोणता हे विचारल्याशिवाय निरर्थक आहे. विंचरलेल्या लोकरीच्या पिळदार धाग्याचे, बिनलवीचे वर्स्टेड कापड पूलमध्ये रूढ आहे. जागतिक पूल संघटनेच्या नियमांत किमान ८५ टक्के अशी लोकर आणि जास्तीत जास्त १५ टक्के नायलॉन असावे असे म्हटले आहे. पॉकेट नसलेल्या टेबलावरच्या कॅरम बिलियर्ड्सला आणखी जलद पृष्ठभाग हवा असतो, इतका की कापडात दमटपणा राहू नये म्हणून कापडाखालची दगडी पाटी तापवतात. स्नूकरमध्ये मात्र लव मुद्दाम ठेवलेली असते आणि ती बॉल्क बाजूकडून, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या टोकाकडून, काळ्या चेंडूच्या बाजूकडे बसवतात. आडवा, हळू जाणारा चेंडू लवीच्या दिशेला किंचित ओढला जातो. साइड दिलेला हळू चेंडू लवीच्या दिशेने एका बाजूला झुकतो, तर लवीविरुद्ध जाताना त्याच साइडने दुसऱ्या बाजूला. हे ओळखणे हा त्या खेळातल्या कौशल्याचाच भाग आहे, कापडाचा दोष नव्हे.

महिनाभरात सगळी कापडे सारखी होतात, हेही निरीक्षणाला धरून नाही. नव्या वर्स्टेडचा निसरडेपणा लवकर उतरतो हे खरे, परंतु लवदार कापडाची लव सगळीकडे सारखी झिजत नाही; जिथे चेंडू वारंवार ठेवले जातात आणि फटके बसतात तिथे ती आधी जाते, आणि एकाच टेबलावर दोन वेगवेगळे पृष्ठभाग तयार होतात. लोकर हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे तेच कापड दमट दिवशी संथ होते. खडूची भुकटी विणीत बसते. सैल ताणलेले कापड घट्ट ताणलेल्यापेक्षा संथ चालते. निगाही एक नाही: लवदार कापड लवीच्या दिशेने ब्रश करून इस्त्री करतात, वर्स्टेड मात्र व्हॅक्यूमने साफ करतात.

अनोळखी टेबलावर खेळण्याआधी म्हणूनच एक नाही, दोन फटके मारून पाहावेत. पहिल्यात चेंडू समोरच्या कुशनला लावून परत आणावा. तो कुठे थांबतो त्यावरून गडगडण्याचा रोध कळतो. दुसऱ्यात लांबच्या चेंडूवर पांढरा चेंडू जागच्या जागी थांबवण्याचा प्रयत्न करावा. त्यासाठी क्यूचे टोक मध्याच्या किती खाली न्यावे लागले, त्यावरून घसरण कळते. पहिल्या फटक्यावरून दुसऱ्याचे उत्तर काढता येत नाही.