डावीकडे वळायचं नाही

क्लचची तार तुटण्याआधी सांगून तुटते. माझीही महिनाभर सांगत होती, पण लिव्हर कडक झालाय तो उन्हानं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. शेवटी स्वारगेटच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला आणि लिव्हर हातात नुसता लोंबायला लागला. मग न्यूट्रलला गाडी चालू करायची, ढकलत चार पावलं पळायचं, टांग मारायची आणि पायानं पहिला गिअर हाणायचा. सिंहगड रोडपर्यंत जितके सिग्नल लागले तितक्या वेळा हा प्रयोग लोकांनी फुकट पाहिला.

मेकॅनिक मजुरीचे शंभर घेतो. तार आपणच टाकायची, असं ठरलं.

नव्या तारेत आधी तेल सोडावं, हे मला माहीत होतं. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून तारेच्या तोंडाला रबरबँडनं बांधला, त्यात शिवणयंत्राचं तेल ओतलं आणि शनिवारी दुपारी तार गॅलरीतल्या दोरीला टांगली. थेंब थेंब उतरून तेल खालच्या टोकाला आलं, की काम झालं. खाली वाटीसुद्धा ठेवली होती. पण वारा सुटला, तार झोके घ्यायला लागली आणि खालच्या मजल्यावर काकूंच्या कुरडया दुसऱ्या उन्हात पडलेल्या होत्या. त्या निदान कागदाला चिकटणार नाहीत, एवढाच विचार करून मी तार आत घेतली.

रविवारी पार्किंगमध्ये गाडी डबल स्टँडला लावली. लिव्हरपाशी अ‍ॅडजस्टरला, म्हणजे तार ताणायच्या-सैल करायच्या स्क्रूला, एक खाच असते, त्याच्या नटाला दुसरी आणि होल्डरला तिसरी. तिन्ही एका रेषेत आल्या की तार अलगद सुटते. दोघींची पत्रिका जुळायची, तेवढ्यात तिसरीला मंगळ निघायचा. अर्ध्या तासानं सगळं जुळलं. त्या आनंदात मी जुनी तार टाकीखालून सर्रकन ओढून काढली.

"अरेरे," दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. ते पाऊण तास पेपर घेऊन शेजारी उभे होते. "ओढायच्या आधी तिला सुतळी बांधायची ना. नवी आपोआप त्याच वाटेनं गेली असती."

पाऊण तास!

नवी तार मला सुचेल त्या वाटेनं घातली. लिव्हरच्या टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर ढिलाई हवी, म्हणून मुलीची कंपासमधली पट्टी मागवली. "बाबा, बरोब्बर पंधरा!" काकांनीही पेपरची घडी घातली. आमच्या सोसायटीत याहून मोठी दाद नाही.

भाजी आणायला निघालो. सरळ रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली. मंडईपाशी डावीकडे वळलो आणि इंजिन बोंबलायला लागलं, गाडी मात्र जागच्या जागी. तार भलत्याच बाजूनं गेली होती. हँडल डावीकडे नेलं की ती ओढली जायची आणि क्लच आपोआप दाबला जायचा. आत तार, बाहेर नळी ही युक्ती बोडेन नावाच्या गृहस्थाची, पेटंट १८९६ सालचं. वाकडीतिकडी नेली तरी ओढ पोचते, हाच तिचा गुण. माझ्याकडे ती न ओढताही पोचत होती.

घराकडे जायला दोन डावी वळणं. तीन उजवी घेतली की एक डावं होतं, हे गणित रस्त्यावर सुचलं. पण पुण्यात तिसऱ्या उजव्या वळणाला वन वे लागतो.

मेकॅनिकनं काही विचारलं नाही. हँडल एकदा डावीकडे फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "घरी टाकली का?" पाच मिनिटांत तार जागेवर नेली.

"किती द्यायचे?"

"तार टाकायचे शंभर. घरी टाकलेली काढून टाकायचे दीडशे."

घरी आलो तर टेबलावर तळलेल्या कुरडयांची ताटली. खालच्या काकूंनी पाठवलेली. बायकोनं ती माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः एकही घेतली नाही.