पेन्शनवाढ कुणाच्या मर्जीवर का असावी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

निराधार, वृद्ध आणि दिव्यांगांचं अनुदान कायद्यानेच महागाईशी जोडावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : दिव्यांगांचे १५०० चे २५०० झाले, आता आणखी किती द्यायचं? धान्य रेशनवर फुकट मिळतंच. लाभार्थ्यांत बोगस भरलेत. म्हाताऱ्या आईबापांना मुलांनी सांभाळावं. आणि दरवर्षी आपोआप वाढ दिली तर कर्जबाजारी राज्याचे हात बांधले जातील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून 'सर' म्हणतो.

हात बांधले जाण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण आपला खरा मतभेद तिथेच आहे. राज्याच्या संजय गांधी निराधार आणि वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत महिन्याला ६०० रुपये मिळायचे. २०१९ मध्ये त्याचे १००० झाले, २०२३ मध्ये १५००. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांना २५०० द्यायचं ठरवलं. त्याआधी जूनमध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले होते आणि दिव्यांगांना ६००० द्या ही त्यांच्या मागण्यांतली एक होती. सप्टेंबरच्या त्या निर्णयात वृद्धांचे आणि विधवांचे १५०० मात्र तसेच ठेवले.

म्हणजे एकदम ५० टक्के, कधी ६७ टक्के वाढ, आणि मधली सगळी वर्षं कोरडी. तिजोरीला जड जातं ते हे. महागाई ५ टक्के धरली तर १५०० वर वर्षाची वाढ होते ७५ रुपये. अर्थखातं ती आधीच मांडून ठेवू शकतं. तुम्हाला राज्याच्या कर्जाची काळजी आहे, मलाही आहे, आणि म्हणूनच मला ठरलेली छोटी वाढ हवी आहे. निवडणूक किंवा उपोषण आलं की भरघोस घोषणा, ही पद्धत तिजोरीच्याही हिताची नाही.

केंद्राचं चित्र तर फारच वाईट आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ६० ते ७९ वयाच्या वृद्धाला इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून केंद्र देतं महिना २०० रुपये. ८० नंतर ५००. ते २०० रुपये २००७ पासून हललेले नाहीत. २०१३ मध्ये केंद्रानेच नेमलेल्या, मिहिर शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाने ही रक्कम महागाईशी जोडा असं सुचवलं. पुढे २०१७ आणि २०१८ मध्ये ज्याँ द्रेझ यांच्यासह साठ अर्थतज्ज्ञांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून निदान ५०० तरी करा म्हटलं. तरी दोनशेच.

आता खासदारांचं बघा. २०१८ च्या वित्त कायद्याने त्यांचा पगार दर पाच वर्षांनी आयकर खात्याच्या महागाई निर्देशांकानुसार वाढेल अशी सोय केली. त्याप्रमाणे मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली : १ लाखाचे १ लाख २४ हजार, माजी खासदारांच्या पेन्शनचे २५ हजारांचे ३१ हजार, तेही १ एप्रिल २०२३ पासून. ही पद्धत मला मनापासून योग्य वाटते. कुणी मागायला गेलं नाही, कुणी उपकार केले नाहीत, आकडेमोड झाली आणि रक्कम वाढली. हाच निर्देशांक २००७-०८ मध्ये १२९ होता, २०२५-२६ साठी तो ३७६ आहे. वृद्धाच्या २०० रुपयांना तोच लावला तर आज ५८३ होतात. मी नवीन काही मागत नाही. संसदेने स्वतःसाठी मान्य केलेला हिशेब मागतोय.

तुम्हाला निवृत्तिवेतनावर महागाई वाढ मिळते, ती मिळायलाच हवी. ती मिळताना तिजोरीचे हात बांधले जातात असं आपण म्हणत नाही. मनरेगाची मजुरीही शेतमजुरांच्या निर्देशांकानुसार दरवर्षी वाढवत आले. इतकंच काय, किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांचे दरसुद्धा २०१३ च्या आदेशाप्रमाणे दरवर्षी घाऊक महागाईच्या प्रमाणात वाढवायची कंपन्यांना मुभा आहे. २०२२ मध्ये ती मुभा साधारण पावणेअकरा टक्क्यांची होती, २०२३ मध्ये बारा टक्क्यांहून जास्त. गोळीची किंमत निर्देशांकाला बांधलेली, आणि ती गोळी घेणाऱ्या म्हातारीचं अनुदान मात्र कशालाच बांधलेलं नाही.

आमच्या गल्लीत एक मावशी राहतात, श्रावणबाळच्या लाभार्थी. एकट्याच असतात. रेशनचे गहू-तांदूळ त्यांना मिळतात, तुमचं बरोबर आहे. पण रेशनवर तेल मिळत नाही, तूरडाळ मिळत नाही, चहापत्ती मिळत नाही. गहू दळायला गिरणीला पैसे लागतात. आधार केवायसी अडकली की तालुक्याला जायचं रिक्षाभाडं. ओटीपी यावा म्हणून मोबाईलचा रिचार्ज, नाहीतर खात्यात पैसे आले की नाही तेही कळत नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या असल्या तर ठीक, नसल्या तर मेडिकलमधून. डॉक्टरांनी रोज सांगितलेली बीपीची गोळी त्या एक दिवसाआड घेतात. "पगार आला की पुरं पाकीट आणीन," म्हणतात. महिना उलटला तरी पगार न येण्याचे प्रसंग त्यांना नवीन नाहीत. त्यांची महागाई मोजायची तर धान्याचा भाव बघून चालणार नाही, औषध आणि रिक्षा बघावी लागेल.

बोगस लाभार्थ्यांबद्दल. दरवर्षी हयातीचा दाखला घ्यावा, पडताळणी व्हावी, यात आपलं एकमत आहे. पण एक गोष्ट विचारात घ्या. संजय गांधी आणि श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१ हजार रुपये. दिव्यांगांसाठी ५० हजार. २१ हजार म्हणजे सगळ्या घराला महिन्याला १७५०. महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. घरातल्या एकाने वर्षात ६८ दिवस खडी फोडली तरी मर्यादा ओलांडली. लाडकी बहीण योजनेला हीच मर्यादा अडीच लाख आहे. मग गावोगाव काय होतं? खरोखर गरजू म्हाताऱ्यालाही तलाठ्याकडे २१ हजारांतच बसणारं उत्पन्न सांगावं लागतं. मर्यादाच वर्षानुवर्षं गोठवून ठेवली की प्रामाणिक माणूसही कागदावर बोगस ठरतो. अनुदानाइतकीच ही मर्यादाही महागाईशी जोडली पाहिजे. मागच्या लेखात मी हे लिहिलं नव्हतं, तुमच्या प्रतिक्रियेमुळे लिहितोय.

मुलांनी सांभाळावं, हे खरंच. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदाही तेच सांगतो, प्रांताकडे अर्ज करता येतो. पण ज्याचा स्वतःचा संसार रोजंदारीवर, त्या मुलाकडून किती वसूल करणार? आणि ज्यांना मूलच नाही, त्यांनी काय करायचं?

'काम न करता पैसे' हे शब्द तुमच्या प्रतिक्रियेत आहेत, ते मला लागले. ईपीएस-९५ चे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी (पीएफ) जोडलेल्या पेन्शन योजनेचे, पेन्शनर बघा. साखर कारखाना, एसटी, गिरण्या, सहकारी संस्था यांत उभं आयुष्य काढलेली ही माणसं. मालकाने त्यांच्या नावाने दरमहा ८.३३ टक्के भरलेले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांची किमान पेन्शन १००० रुपये ठरली, आणि त्यानंतर महागाईपोटी एक रुपया वाढलेला नाही. निवृत्त होताना ज्याची १२०० बसली त्याची आजही १२००. बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत ही मंडळी ७५०० आणि महागाई भत्ता मागत आंदोलनं करताहेत. पंचाहत्तरीतला माणूस रस्त्यावर का बसतो? कारण दुसरा मार्गच ठेवलेला नाही. यांना फुकटखाऊ म्हणणं अन्यायाचं आहे.

हे अशक्य नाही. राजस्थानने २०२३ मध्ये कायदा करून सामाजिक पेन्शन किमान १००० केली आणि दरवर्षी १५ टक्के वाढ लिहून टाकली, ५ टक्के जुलैत, १० टक्के जानेवारीत. सरसकट १५ टक्के मला जास्त वाटतात; महागाई कमी असेल त्या वर्षी तेवढी गरज नसते. महाराष्ट्राने ग्रामीण ग्राहक निर्देशांक धरावा, दर एप्रिलला वाढ द्यावी, रक्कम कधी घटवू नये, आणि ठरलेल्या तारखेला खात्यात टाकावी. इतकाच कायदा.

तुम्ही निवृत्त शिक्षकांच्या संघटनेत आहात असं लिहिलंय. महागाई वाढीचा हिशेब, थकबाकी, शासन निर्णयाची भाषा हे सगळं तुमच्याइतकं मावशींसारख्यांना कुठून कळणार? संघटनेच्या पुढच्या निवेदनात ही एक मागणी घालता येते का, बघा. मसुदा मी करून पाठवतो, आकडे तुम्ही तपासा.