रात्री अकरानंतर चिठ्ठी मिळते, औषध मिळत नाही

मंडळी, गेल्या महिन्यातली एक रात्र अजून डोक्यातून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पोलंडच्या छोट्या-मध्यम गावांत राहणाऱ्या मराठी घरांनी, विशेषतः लेकरं असलेल्यांनी, शेवटपर्यंत वाचा.

मी मूळची मिरजेची. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. रात्री दोनला खाली उतरलं तरी कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलसमोरचं मेडिकल उघडं असतं. गेली चार वर्षं आम्ही पोलंडच्या दक्षिण-पूर्व कोपऱ्यात, गोर्लित्से आणि क्रोस्नोच्या पट्ट्यातल्या एका गावात राहतोय. वस्ती ४० हजारांच्या आत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका गावाचा नाही.

त्या रात्री आमची सहा वर्षांची लेक कान धरून रडायला लागली. ताप ३९.४. इथे संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या वेळेत रात्रीचे डॉक्टर बसतात, विमा असला की पैसे लागत नाहीत. गेलो, रांग होती, नंबर यायला पावणेअकरा झाले. डॉक्टरांनी नीट तपासलं, कानात इन्फेक्शन आहे म्हणाले, अँटिबायोटिक लिहून दिलं. लिहून म्हणजे कॉम्प्युटरवर. २०२० च्या जानेवारीपासून इथे चिठ्ठी कागदावर नसतेच म्हटलं तरी चालेल, फोनवर चार आकडी कोड येतो. तो आला ११ वाजून १० मिनिटांनी. आणि रात्रपाळीवरची आप्तेका, म्हणजे आपलं मेडिकल, ११ ला बंद झालेली.

दारावरचा हिरवा क्रॉससुद्धा विझलेला होता. काचेला आतून चिकटवलेला पाळ्यांचा कागद मी मोबाइलच्या उजेडात तीनदा वाचला. नवरा गाडीत लेकीला मांडीवर घेऊन बसला होता. मग घरी आलो, आयबुप्रोफेनचं सिरप दिलं, आणि आठ वाजायची वाट बघत बसलो.

हे असं का, ते मी नंतर शोधून काढलं. पूर्वी रात्रपाळी कोणी करायची ते पोव्यात, म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधलं जे काही म्हणाल ते, ठरवायचं. आणि दुकानदाराला त्याचा छदामही मिळायचा नाही. साहजिकच भांडणं व्हायची. २०२४ पासून नियम बदलला. पोव्यातचं मुख्य गाव ४० हजारांपर्यंतचं असेल तर पाळीचे पैसे सरकारी आरोग्य निधी, एनएफझेड, देतो. हे चांगलंच झालं, रात्री जागणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा. पण वेळ किती? रात्री ७ ते ११ च्या दरम्यान सलग दोन तास. सुट्टीच्या दिवशी १० ते ६ च्या दरम्यान चार तास. म्हणजे डॉक्टर सकाळी आठपर्यंत बसणार, आणि औषध अकरालाच संपणार. मधल्या नऊ तासांत डॉक्टर जे लिहून देतील तो नुसता फोनमधला आकडा. हा नियम करताना रात्री लेकरू घेऊन बसलेल्या आईचा विचार कोणी केला असेल असं मला वाटत नाही, आणि हे मी रागानेच लिहितेय.

याच पट्ट्यात इग्नात्सी वुकाशेविच नावाच्या फार्मसिस्टने आपली आप्तेका चालवली होती. त्याआधी ल्वूवच्या (आता युक्रेनमधलं ल्विव्ह) औषधाच्या दुकानात काम करताना त्याने रॉकेलचा दिवा तयार केला, आणि ३१ जुलै १८५३ ला तिथल्या हॉस्पिटलात त्या दिव्याच्या उजेडात रात्रीचं ऑपरेशन झालं. इथे शाळेतली पोरंसुद्धा ही गोष्ट सांगतात. रात्रीच्या पेशंटसाठी उजेड करणारा माणूस ज्यांचा अभिमान आहे, त्यांच्या गावात अकराला औषध बंद होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सकाळची गोष्ट सांगते, कारण ती सांगितली नाही तर अन्याय होईल. आठच्या आधीच आम्ही दारात उभे. काउंटरवरच्या बाईंना इथे सगळे ‘पानी मागिस्तेर’ म्हणतात, म्हणजे मॅजिस्टर बाई. फार्मसीची पदवी घेतलेल्यांना असंच हाक मारायची पद्धत आहे. लेकीचा चेहरा बघून त्यांनी आधी ताप विचारला, मग कोड. बाटलीतली पावडर तळाला घट्ट बसली होती. त्यांनी बाटली उलटी करून तळव्यावर हळूहळू आपटून ती मोकळी केली, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातलं, हलवलं, फेस बसू दिला, पुन्हा खुणेपर्यंत भरलं. तोंडाने द्यायच्या सिरिंजवर पेनाने रेघ मारली, इथपर्यंत. बाटलीवर एक सूर्य काढला आणि एक चंद्र, दर बारा तासांनी. मग विचारलं, ‘ओस्वोनोवो’ काही देऊ का? अँटिबायोटिकबरोबर पोट सांभाळायला प्रोबायोटिक घ्यायची इथली पक्की सवय आहे. लेकीने तो सूर्य अजून जपून ठेवलाय.

म्हणून माझं नव्याने येणाऱ्यांना कळकळीचं सांगणं आहे. बॅगभर गोळ्या भारतातून आणून आप्तेकाचं तोंडच बघायचं नाही, असं करू नका. घराजवळची एक आप्तेका धरा, तिथल्या मागिस्तेरशी ओळख करा. सासूबाई आल्या तेव्हा त्यांच्या बीपीच्या गोळीचं आपल्याकडचं नाव इथे कोणालाच कळेना, पण पाकिटावर बारीक अक्षरात ‘टेल्मिसार्टन’ होतं, ते दाखवल्यावर पुढचं सगळं सोपं झालं. तेव्हा औषधाचं मूळ नाव लिहून ठेवा. स्वस्त पर्याय हवा असेल तर ‘झाम्येन्निक’ विचारा. अँटिबायोटिकची चिठ्ठी सात दिवसच चालते, बाकीची साधारण तीस दिवस, ती पडून राहू देऊ नका. गावातल्या चार दुकानांत एखादं औषध नसेल तर ‘क्तोमालेक’ या साइटवर ते जवळपास कुठे आहे ते दिसतं. आणि तापाचं सिरप घरात भरलेलं असू द्या, दर शनिवारी बाटली बघा.

मिरजेसारखं चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळावं असं मी अजिबात म्हणत नाही. ती ढिलाई आपल्याला महागात पडतेय. इथली शिस्त मला आवडते. मला फक्त ती शिस्त रात्रीही उघडी हवी आहे.

पोव्यातला स्वतःच्या पैशातून पाळीचे तास वाढवता येतात, नियमात तशी सोय आहे. निदान रात्रीच्या डॉक्टरांकडे मुलांच्या औषधाचा पहिला डोस ठेवता आला, तरी पुष्कळ होईल. हे दोन्ही मुद्दे मी पोलिशमध्ये लिहून काढलेत. व्याकरण त्याच मागिस्तेर बाईंनी तपासून दिलं, आणि खाली पहिली सही त्यांनी केली. खालच्या मजल्यावरच्या आजीने दुसरी. शुक्रवारपर्यंत चाळीस सह्या करायच्या आहेत. आमच्या गावात राहणाऱ्या मराठी घरांनी मला मेसेज करा, कागद घेऊन मी स्वतः येते.